एकच खडक, अडीच तास: अगत्ती बेटावरचा सुटीचा शुक्रवार

खाडीकाठ

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कामासाठी अगत्तीला गेले होते. रुग्णालयांतल्या क्ष-किरण यंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती हे माझं काम. ते गुरुवारी संध्याकाळी संपलं आणि कोचीचं परतीचं तिकीट शनिवारचं होतं. मधला शुक्रवार अख्खा मोकळा. त्या दिवसाबद्दल लिहायचं ठरवून तीन महिने झाले, आज बसलेच.

अगत्ती म्हणजे लक्षद्वीपमधलं एक चिंचोळं बेट, कोचीपासून समुद्रात साधारण साडेचारशे किलोमीटर आत. उत्तरेकडून दक्षिणेकडे सहा-सात किलोमीटर लांब, रुंदी मात्र जेमतेम एक किलोमीटर. दक्षिणेचं टोक तर इतकं निमुळतं आहे की विमानाच्या धावपट्टीच्या दोन्ही अंगांना पाणीच दिसतं. पश्चिमेला उथळ, शांत, हिरवट-निळं लगून. त्याच्याही पलीकडे प्रवाळाची कड, आणि त्या कडेवर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. रात्री झोपताना ती लाट लांबून ऐकू येते, पण किनाऱ्यावर पाणी हलतसुद्धा नाही.

रुग्णालयातली तंत्रज्ञ मुलगी तिथलीच. "उद्या काय करणार?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, पाण्यात डोकं घालून, नळीनं श्वास घेत खालचं बघायचंय, म्हणजे स्नॉर्कलिंग. तिनं लगेच मामांना फोन लावला. या बेटांवर घर आईच्या वंशानं चालतं, त्यामुळे आईच्या भावाचा मान मोठा. मीही त्यांना मामाच म्हणायला लागले. साठीच्या पुढचे असतील. तरुणपण सगळं टूनाच्या होड्यांवर गेलेलं. तिकडे टूना जाळ्यानं नाही, गळानं धरतात. लगूनमधून बारीक जिवंत मासळी पकडून न्यायची, ती खुल्या समुद्रात टूनाच्या थव्यापुढे फेकायची आणि लांब काठीला लावलेल्या गळानं एकेक मासा होडीत उडवायचा. म्हणजे लगून नीट तर चारा, आणि चारा असेल तर टूना. मामांना हे कुणी शिकवायला नको होतं.

त्यांची एकच अट होती: जुम्म्याच्या नमाजाआधी परत. सकाळी साडेसातला निघालो. पंधरा मिनिटांत त्यांनी होडी थांबवली आणि नांगर वाळूत टाकला. आधी काठीनं तळ चाचपून, खाली फक्त वाळू आहे याची खात्री केली. त्यांना जेसरी येते, मल्याळम येते, हिंदी मोजकी. मला पहिल्या दोन्ही येत नाहीत. त्यामुळे पुढचं सगळं शिक्षण हातांच्या खुणांनी झालं.

पहिला अर्धा तास त्यांनी मला खडकाजवळ जाऊच दिलं नाही. कमरेएवढ्या पाण्यात, वाळूवर, पालथं पडून नुसतं तरंगायचं. मला लहानपणापासून पोहता येतं, खाडीकाठचीच आहे मी. आणि तोच अडथळा झाला. चेहरा पाण्यात गेला की माझे हात आपोआप पाणी कापायला लागायचे. मामा म्हणायचे, "हात बंद." मी हात बंद केले की पाय चालू. "पाय बंद." मग श्वास धरून ठेवायचे. तेव्हा ते स्वतः नळीतून सावकाश श्वास घेऊन दाखवायचे, आवाज ऐकू येईल असा. मोठा आत, त्याहून लांब बाहेर. तीस-चाळीस श्वासांनंतर कधीतरी अंग सैल झालं आणि कळलं की मी बुडत नाहीये. खाऱ्या पाण्यानं उचलून धरलंय.

त्यानंतर खडक.

साधारण दोन मीटर उंच, तीन मीटर रुंद, तीन मीटर पाण्यात उभा. मोहरीच्या रंगाचा, घुमटासारखा. मला वाटलं होतं इथून सुरुवात करून पुढे जायचं. पहिल्या दहा मिनिटांत मी खडकाला दोन फेऱ्या मारल्या, बरेच मासे पळून जाताना पाहिले आणि वर डोकं काढून मामांना विचारलं, "आता कुठे?" त्यांनी बोट खाली दाखवलं. तिथेच.

मग मी थांबले. हात छातीशी, पाय सैल. आणि पळालेले मासे एकेक करत परत आले. आधी निळे सर्जन मासे आले, अंग आकाशी, चेहरा काळा, पाठीवरचा पर पिवळाजर्द. मागून पोपटमासे. ते खडक चावतात त्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट येतो, कोवळी काकडी खाल्ल्यासारखा. चावून झालं की थोडं पुढे जाऊन पांढऱ्या वाळूचा ढग सोडतात. खडकाच्या अंगावर बोटाएवढे रंगीत पिसारे उगवलेले होते: निळे, केशरी, पिवळे. माझी सावली पडली की क्षणात आत गायब. सावली हलवून मी मोजायला लागले, किती वेळानं परत उघडतात. साधारण एक मिनिट लागायचं. ते किडे आहेत आणि खडकातच नळी करून राहतात, हे नंतर कळलं.

एका कपारीपाशी बोटभर लांबीचा, निळ्या-काळ्या पट्ट्याचा एक मासा नाचल्यासारखा वरखाली करत होता. त्याच्यापुढे एक हेकरू येऊन थांबला, तोंड उघडलं, कल्ले फाकवले आणि तो चिमुकला सरळ त्याच्या तोंडात शिरला. दाताकल्ल्यांतली घाण, किडे टिपून बाहेर आला. हेकरू गेला, मागचा पुढे आला. खरोखर रांग होती. न्हाव्याच्या दुकानाबाहेर बसतात तसे मासे थांबले होते आणि त्या जागी कुणी कुणाला खात नव्हतं. मी तिथे किती वेळ होते मला सांगता येणार नाही.

मग मामांनी खांद्याला हात लावला आणि खडकाच्या पायथ्याशी एक जागा दाखवली. खेकड्यांच्या रिकाम्या पाठी, शिंपल्यांचे तुकडे, असा छोटा उकिरडा. मला काही कळेना. त्यांनी हाताची पाचही बोटं वळवळवली. अष्टपाद! जेवण झालं की उष्टं दाराबाहेर टाकतो, म्हणून उकिरडा दिसला की आत घरधनी. मी वाट पाहिली. उकिरड्यामागचा एक दगड, ज्याच्याकडे मी दहा मिनिटं पाहत होते, तो तपकिरीचा राखाडी झाला आणि त्याला डोळा होता.

अडीच तासांत (मध्ये दोनदा होडीत बसून पाणी प्यायले) मी त्या एका खडकापासून वीस हातही लांब गेले नाही.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. खडकाचा माथा मेलेला आहे. कडा जिवंत, मोहरीसारख्या, पण वरचा सपाट भाग करडा आणि शेवाळलेला. होडीत बसल्यावर मी मामांना खुणेनं विचारलं. त्यांनी बोटांवर मोजून साल सांगितली, हिंदीत: अठ्ठ्याण्णव, दस, सोलह, चौबीस. आणि तळहात पालथा-उलथा करून दाखवला, की असं पांढरं झालं. दर वेळी थोडं परत येतं, म्हणाले. मग तळहात खाली नेत नेत दाखवलं, की कमी, कमी.

अकराला परत. तंत्रज्ञ मुलीच्या घरी जेवण: टूना, भात, आणि किलांजी नावाचं तांदूळ-अंड्याचं पातळ, मऊ धिरडं, ते गोड नारळाच्या दुधात बुडवून खायचं. दुपारी झोपले. पोटऱ्यांवर मागच्या बाजूनं ऊन लागलं होतं, चार दिवस चालताना दुखत होतं. लांब बाह्यांचा सदरा घातला होता, पण पाय उघडे राहिले. तुम्ही जाल तेव्हा पायही झाका.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

मृद्गंधा

किती सुंदर लिहिलंस! हेकरूची रांग वाचून अंगावर काटा आला.

माझे प्रश्न: मला पोहता येत नाही, चष्मा उणे साडेचारचा, मुलगी नऊ वर्षांची. आमच्यासारख्यांनी या वाटेला जावं का? आणि मागे गोव्यात एकदा प्रयत्न केला तेव्हा पाण्याखालच्या चष्म्यात सारखं पाणी शिरत होतं, काचेवर वाफ धरत होती. दहा मिनिटांत वैतागून बाहेर आले.

खाडीकाठ

मृद्गंधा, जरूर जावं. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट घालूनच, आणि सोबत एक माणूस फक्त तुझ्यासाठी हवा. पण जायच्या आधी घराजवळच्या पोहण्याच्या तलावात चार-पाच दिवस नळीनं श्वास घ्यायचा सराव कर, दोघींनी. पहिल्यांदा समुद्रात, अनोळखी भाषेत, होडी हलत असताना हे शिकायला गेलं की भीती बसते, आणि मुलांच्या मनात ती वर्षानुवर्षं राहते.

नंबरच्या काचा बसवलेले पाण्याखालचे चष्मे मिळतात, उणे साडेचार सहज. स्वतःचा घेतलेला उत्तम. दुकानात घेताना पट्टा न लावता चष्मा चेहऱ्यावर ठेव आणि नाकानं हलकी हवा ओढ. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो तुझ्या चेहऱ्याचा. पडला तर कितीही महाग असो, तुझा नाही. पाणी शिरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कडेखाली अडकलेले केस. पट्टा आवळून ते थांबत नाही, उलट कड दुमडते आणि जास्त शिरतं.

वाफेसाठी: नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टनं दोन-तीनदा चोळून काढायचा. नंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी काचेवर आतून थुंकायचं, बोटानं पसरायचं, एकदा विसळायचं. मामा हेच करत होते. थुंकी नको असेल तर लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब.

निवांत_नाना

लेख आवडला, पण माझं थोडं वेगळं मत नोंदवतो.

मी अडुसष्टचा. दोन वर्षांपूर्वी अंदमानला गेलो होतो, स्वराज द्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक). एलिफंट बीचवर एका मुलानं मला रबरी कड्याला धरायला लावलं आणि कडं ओढत ओढत अर्धा तास फिरवून आणलं. पाच-सहा ठिकाणं दाखवली. तुमच्या हिशेबानं ते घाईचं झालं असेल. पण मला पोहता येत नाही, गुडघे गेलेले आहेत, आणि परत तिकडे जाणं या जन्मी होईल असं वाटत नाही. त्या अर्ध्या तासात मी विदूषक मासा पाहिला, निळा तारामासा पाहिला, आणि बाहेर आल्यावर बायकोला नीट सांगताही येईना काय पाहिलं ते. एका खडकाशी अडीच तास हे पुन्हा पुन्हा जाता येणाऱ्यांचं सुख आहे. माझ्यासारख्याला ते कडं हीच दृष्टी होती.

खाडीकाठ

नाना, तुमचं म्हणणं मनापासून पटलं. मी कुणाला कमी लेखत नव्हते. तुम्ही कड्याला धरून होता म्हणजे तुमचे पायही खाली टेकले नाहीत, आणि महत्त्वाचं तेच. मला फक्त एवढं वाटतं की पाच ठिकाणी सहा-सहा मिनिटांऐवजी दोन ठिकाणी पंधरा-पंधरा मिनिटं थांबा, असं त्या मुलाला सांगता येतं. ते ऐकतात. आपण मागत नाही म्हणून ते पळवतात.

तासिका_जीवशास्त्र

शाळेत जीवशास्त्र शिकवते, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर.

खाडीकाठ यांनी वर्णन केलेला मोहरी रंगाचा घुमट बहुधा पोरायटिस जातीच्या प्रवाळाचा आहे. त्याला खडक म्हणतो खरं, पण तो प्राण्यांचा वाडा आहे. पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव, प्रत्येकाला इवलेसे शुंडक. ते खाली चुना साठवत जातात आणि वाडा वाढतो. पोरायटिस वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. दोन मीटर उंची म्हणजे ढोबळमानानं दोनशे वर्षं. पेशवाई बुडाली त्या सुमारास ते बाळ तिथे रुजलं असेल. त्यावर एक पाय टेकला तर वरची जिवंत कातडी चिरडते, आणि ती कातडी काही मिलिमीटरचीच असते. आतला सगळा चुना.

रंगाबद्दल. या जीवांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हात अन्न करतं आणि त्यातलं बरंचसं घरमालकाला देतं. रंगही मुख्यतः त्याचाच. नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा पाणी एखादा अंश जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तर हे जमत नाही. प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा म्हणजे लगेच मेला असं नाही, तो उपाशी असतो. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर मरतो आणि वर साधं शेवाळ चढतं. मामांनी सांगितलेली चारही सालं जगभरच्या मोठ्या विरंजनांची आहेत. त्यांनी ती बोटांवर मोजून सांगितली हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

आणि ते पोपटमासे! ते शेवाळ खरवडून खातात म्हणून नव्या प्रवाळाला रुजायला जागा मिळते. सोबत चुनाही खातात आणि तो दळून वाळू म्हणून बाहेर टाकतात. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. या बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी अशीच झालेली आहे.

एक गैरसमजही दूर करते, कारण मुलं नेहमी विचारतात. अंगठीतलं पोवळं या प्रवाळाचं नसतं. तो लाल प्रवाळ वेगळ्या कुळातला, प्रामुख्यानं भूमध्य समुद्रातला, आणि तो असे खडक बांधत नाही.

शेवंती_प

मला जरा मनातलं बोलायचंय. गेल्या डिसेंबरात आम्ही मालवणला हेच केलं, आणि मन खट्टू होऊन परत आले. आमच्या गटाला नेणाऱ्यानं पाण्यात पावाचे तुकडे टाकले, मासे चहूबाजूंनी धावून आले, त्यात आमचे फोटो काढले. माझ्या भावाला नीट तरंगता येईना तर म्हणाला, "उभे राहा, खाली दगड आहे." तो दगड नव्हता. भावाच्या पायाला खरचटलं आणि जखम तीन आठवडे बरी होईना. त्यावेळी मला काहीच माहीत नव्हतं. आज वरचं वाचून कळलं की आम्ही कशावर उभे होतो. फार वाईट वाटतंय.

पाणकावळा

मी मालवणचो. आठ वर्सां ह्याच धंद्यात आसय. शेवंतीताई, तुमी लिवलास ता खोटा नाय. वाचून माका लाज वाटली, तो मी नसलंय तरी.

बाकीच्यांसाठी नेहमीच्या मराठीत लिहितो. पाव टाकणारे आहेत. कारण असं की आमचं पाणी लक्षद्वीपसारखं नाही. आमच्याकडे खाड्या येऊन मिळतात, गाळ असतो. चांगल्या दिवशी चार-पाच मीटर दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हात दिसत नाही. पर्यटक मोबाइलवर मालदीवचे फोटो बघून येतो. मासे दिसले नाहीत तर पैसे परत मागतो, नाहीतर तिथेच उभा राहून वाईट अभिप्राय लिहितो. म्हणून पाव. मासा पावाला चटावला की शेवाळ खायचा सोडतो, हे आम्हाला प्रशिक्षणात सांगतात. तरी दिवसाला सहा फेऱ्या मारायच्या असल्या की माणूस विसरतो.

पण मालवणात बघण्यासारखं काही नाही असं कुणी समजू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटर. प्रवाळ कमी, पण चिवट. गढूळ पाण्यात जगतो, हेच त्याचं विशेष. माझ्या वडिलांनी रापणीवर आयुष्य काढलं. त्यांना कुठे कुठली मासळी बसते ते ठाऊक होतं, पण खाली जिवंत दगड आहे हे त्यांनी माझ्या चष्म्यातून पहिल्यांदा पाहिलं, वयाच्या बासष्टाव्या वर्षी. बाहेर आल्यावर म्हणाले, "आयुष्यभर हेच्यावर नांगर टाकलंव."

त्या दिवसापासून मी नांगर टाकत नाही. बोया लावलाय, होडी त्याला बांधतो.

शेवंती_प

पाणकावळा, तुमच्या वडिलांचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या वेळी तुमच्यासारख्याकडेच जायचं. पण ओळखायचं कसं?

पाणकावळा

चार गोष्टी विचारा. पाण्यात पाव टाकतास काय? नको म्हणून सांगा. होडी कुठे बांधतास? एका माणसामागे किती पर्यटक? चारच्या वर नको. आणि उतरण्याआधी उथळ पाण्यात शिकवतास काय? या चौथ्या प्रश्नावर जो "काय गरज नाय, उडी मारा" म्हणेल, त्याच्याकडे जाऊ नका.

बेटावरची_सिस्टर

मी मालदीवमध्ये एका स्थानिक बेटावर परिचारिका आहे, सातारची. आमच्याकडे आठवड्याची सुटी शुक्रवार-शनिवार, आणि माझा प्रत्येक मोकळा शुक्रवार पाण्यातच जातो. खाडीकाठ, तुम्ही लिहिलेलं वाचताना मला माझाच खडक आठवला. त्याच्या कपारीत काळ्या पोटाचं, केशरी विदूषक माशांचं जोडपं आहे. त्यातली थोरली ती मादी, घरावर राज्य तिचं. ती मेली तर तिचा नर मादी होतो.

तुमच्यासारख्या शांत लगूनमध्ये धोका कमी असतो. पण दवाखान्यात येणारे लोक रोज पाहते, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

सर्वांत मोठा धोका शार्कचा नाही. इथे २०१० मध्ये शार्क पकडायला बंदी घातली गेली, आणि उथळ पाण्यात काळ्या टोकाची पिल्लं पायाजवळून जातात, काही करत नाहीत. धोका आहे तो प्रवाहाचा. प्रवाळाच्या कड्याला जिथे खिंड असते तिथून ओहोटीला लगूनचं पाणी जोरात बाहेर जातं. वरून पाणी गुळगुळीत दिसतं, त्यामुळे माणूस फसतो. चेहरा खाली असतो, मासे बघत राहतो, डोकं काढतो तेव्हा किनारा लांब. अशा वेळी प्रवाहाविरुद्ध पोहू नका, दमाल. आडवे पोहत त्याच्या बाहेर या, किंवा नुसते तरंगा आणि हात वर करा. दर पाच मिनिटांनी डोकं वर काढून किनाऱ्यावरची एखादी खूण बघायची सवय लावून घ्या. आणि एकट्यानं कधीही नाही. कितीही वर्षं इथे काढली तरी मी एकटी उतरत नाही.

नाना, हे खास तुमच्यासाठी. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. नळीतून श्वास घ्यायला छातीला जास्त जोर लागतो. दम लागला, खोकला सुरू झाला की थांबायचं, पाठीवर वळायचं, नळी काढायची, लगेच. अख्खा चेहरा झाकणारे मोठे मुखवटे हल्ली भाड्यानं देतात. मला ते आवडत नाहीत. घाबरल्यावर नळी तोंडातून थुंकून टाकता येते, तो मुखवटा तसा झटकन निघत नाही.

आणि काहीही हातात घेऊ नका. शंकूच्या आकाराचा, नक्षीदार, सुंदर शंख जिवंत असेल तर विषारी सुई मारतो. दगडमासा हुबेहूब दगड दिसतो. त्याचा किंवा सिंहमाशाचा काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि दवाखान्यात यायचं. गरम पाण्यानं वेदना खूप कमी होते.

निवांत_नाना

सिस्टर, आभारी आहे. मला स्टेंट आहे आणि मी तेव्हा कुणालाच विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारीन.

मृद्गंधा

सिस्टरांचा प्रतिसाद छापून ठेवतेय. अजून एक: सनस्क्रीन लावू नये म्हणतात, ते खरं का?

तासिका_जीवशास्त्र

ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट हे दोन घटक प्रवाळांना घातक ठरतात म्हणून हवाईमध्ये २०२१ पासून त्यांच्या विक्रीवर बंदी आहे, पलाऊमध्ये २०२० पासून. झिंक ऑक्साइडचं घ्या, तेही चेहरा, मान आणि हातापुरतं. बाकी अंग कापडानं झाका. तेच सर्वांत चांगलं. प्रवाळाचं खरं संकट तापलेलं पाणी आहे, हे मात्र विसरू नये. मलम बदललं म्हणून ते निवत नाही.

शिदोरी_घेऊन

लक्षद्वीपला परवाना लागतो ना? नवरा-बायको जायचं म्हणतोय. आणि कासवं दिसली का?

खाडीकाठ

परवाना लागतोच, आपण भारतीय असलो तरी. १९६७ च्या नियमांपासून ते चालत आलंय. माझा कामावरून निघाला होता, त्यामुळे पर्यटकांची आत्ताची पद्धत लक्षद्वीप प्रशासनाच्या संकेतस्थळावर बघा आणि परवाना हाती आल्यावरच तिकीट काढा. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत जा. पावसाळ्यात तो समुद्र वेगळाच असतो. अगत्तीत दारू मिळत नाही, गावात अंगभर कपडे घाला. माणसं इतकी आपुलकीनं वागतात की आपणही त्यांच्या गावाचं राखावं. येताना शंख, शिंपले, प्रवाळाचा तुकडा, मेलेलासुद्धा, पिशवीत घालू नका. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

कासवं हो! परत येताना दोन दिसली, हिरवी. पण त्यांची गोष्ट वाटते तेवढी सरळ नाही. अगत्तीच्या लगूनमध्ये पूर्वी समुद्री गवताची कुरणं होती. हिरव्या कासवांची संख्या वाढली आणि त्यांनी ती कुरणं चरून संपवत आणली. त्या गवतात लहान मासे वाढायचे. त्यामुळे कोळ्यांचा कासवांवर राग आहे, आणि तो समजण्यासारखा आहे. संशोधकांनीही अगत्तीतल्या या प्रकाराचा अभ्यास केलाय. मी "कासव! कासव!" म्हणून ओरडले तेव्हा मामा हसले, पण त्यांनी होडी थांबवली नाही.

पाणकावळा

खाडीकाठ, तुमच्या त्या "हात बंद" वर एक सांगायचंय. परवापासून मी पर्यटकांना दहा मिनिटं उथळात नुसतं तरंगायला लावतोय, चिवला किनाऱ्याच्या बाजूला. पहिल्या दिवशी दोघं वैतागले. पण काल पुण्याची एक बाई वर आली आणि म्हणाली, तो मासा माझ्याकडे बघत होता. पाव न टाकता.

तुमी रत्नागिरीकडच्या दिसतास. येवा एकदा. जानेवारीत, अष्टमीच्या आसपास, भांगाचे दिवस बघून या. तेव्हा भरती-ओहोटीची ओढ कमी असते, गाळ बसतो, पाणी निवळतं. सकाळी आठच्या आत उतरायचं, वारा सुटायच्या आधी. वडील पण असतील. एकच दगड दाखवीन, जास्त नाय.

खाडीकाठ

येते. जानेवारीतल्या दोन्ही अष्टमी कॅलेंडरवर बघितल्या, त्यातल्या एकीला लागून मला रविवार मिळतोय. मृद्गंधा, तू आणि लेक येणार का? सरावाला अजून सहा महिने आहेत.

मृद्गंधा

येणार. आज संध्याकाळीच तलावाचा फॉर्म भरून आलो. दोघींचा.